मशिनीने कोणाला विचारायचं?

तुम्हाला एक विचारतो. दारात अनोळखी माणूस उभा राहिला, म्हणाला, "वायरमन आहे, आत येऊ द्या," तर तुम्ही कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवता? सोसायटीच्या वॉचमनच्या. त्याने इंटरकॉमवर "हां, सोडा" म्हटलं की दार उघडता. पण इंटरकॉमवर बोलला तो वॉचमनच होता, हे कोणाला विचारलंत?

बसा, चहा सांगतो. या प्रश्नाने माझी झोप उडवली होती, म्हणून विचारलं. अंधेरीला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. जे येतं ते मशिनी उघडून आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन आलं. आमच्या धंद्यात केबलचे तुकडे आणि किस्से सारखेच. कामाचे नसतात, पण फेकवतही नाहीत. ड्रॉवर भरत जातो.

सगळ्यात जास्त किस्से एकाच कामाचे आहेत. मुलुंडचं एक हॉस्पिटल. तिथे सगळ्या स्टाफची नावं आणि पासवर्ड एकाच सर्व्हरवर ठेवायचे होते. त्याला डिरेक्टरी म्हणतात. नर्स कुठल्याही मशिनीवर बसली आणि नाव-पासवर्ड टाकला, की मशीन डिरेक्टरीला विचारणार, "ही आपली का?" डिरेक्टरी हो म्हणाली की स्क्रीन उघडणार. आता विचारायचं कोणत्या सर्व्हरला, उत्तरासाठी थांबायचं किती, उत्तर देणारा खरा की तोतया हे तपासायचं का, हे प्रत्येक मशिनीत आधीच भरून ठेवावं लागतं. डिफॉल्ट सेटिंग. मोजक्या ओळींची फाइल असते हो! डोक्यावर होते नव्हते ते काळे केस त्या फाइलने नेले.

काम करणारे दोघं. घाटकोपरचा मिलिंद, हात जलद आणि तोंड त्याहून जलद. आणि मढची फिलोमिना, जी कुलूप लावल्यावर ओढून बघते, मग परत येऊन पुन्हा ओढून बघते. हॉस्पिटलच्या मालकीणबाईंना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "सोमवारी सकाळची ओपीडी नव्या सिस्टिमवर. रविवारी संध्याकाळी मी स्वतः बघणार. जमलं तर वर्षभराचं काम तुमचं."

आणि नाही जमलं तर? दुकानात दोघांना पुरेल एवढं काम नव्हतं. एकाला घरी पाठवावं लागणार होतं. मी तोंडाने बोललो नव्हतो, पण दोघांनाही कळलेलं होतं. म्हणून तो सगळा आठवडा मी खुर्चीला पाठ टेकली नाही.

*

पहिल्याच दिवशी वाट लागली. मिलिंदने दुकानात एक मशीन तयार केली आणि तिची कॉपी हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावरच्या सगळ्या मशिनींत टाकली. झकास आयडिया! फक्त एक राहिलं. त्या मशिनीत सर्व्हरचा पत्ता आमच्या दुकानातल्या ट्रायल सर्व्हरचा होता.

आणि ट्रायल सर्व्हरवर नावं कोणाची? फिलोमिनाला खोटी नावं सुचेनात, म्हणून तिने मढचं अख्खं खानदान भरलेलं. फोन नंबर तेवढे खरे.

पहिल्या मजल्याच्या इन-चार्ज कुंदा सिस्टर. त्यांनी मशिनीवर स्टोअर्सचा माणूस शोधला. नाव आलं : पास्कल, स्टोअर्सचे हेड. सिस्टरनी फोन लावला. "पास्कल, ग्लोव्हज संपलेत. आहे ते सगळं ताबडतोब वर पाठवा."

पलीकडे फिलोमिनाचे पास्कल अंकल, होडीजवळ जाळं विणत बसलेले. म्हणाले, "सुके बोंबील हायत, ते पाठवतो. पण वर म्हंजे कुठं गो बाय?"

संध्याकाळी हॉस्पिटलच्या गेटवर खरंच टोपली आली! कुंदा सिस्टरनी मला फोन केला. वाटलं, काम गेलं. त्या म्हणाल्या, "सिस्टिम बंद करा. पास्कलला मात्र काढू नका."

*

दुसऱ्या दिवशी पत्ता बदलला. तरी मशिनी सर्व्हरशी बोलायला तयार नाहीत. मी हॉस्पिटलच्या जिन्यात येरझारा घालतोय, खिशातली ॲसिडिटीची गोळी चघळतोय. दुसऱ्या मजल्यावरचा वॉर्डबॉय मला पेशंटचा नातेवाईक समजला. "काका, टेन्शन नका घेऊ, होईल बरं."

झालं होतं असं. सर्व्हरकडे एक सर्टिफिकेट असतं, त्याचं ओळखपत्रच म्हणा. त्यावर सर्व्हरचं नाव होतं. मिलिंदने फाइलमध्ये नावाऐवजी नुसते आकडे, म्हणजे नेटवर्कवरचा नंबर टाकलेला. मशीन ओळखपत्र बघते, त्यावर तो नंबर कुठेच नाही. मग बोलणार कशी?

मिलिंद वैतागला. "नंबर बरोबर आहे यार! सर्व्हर तोच आहे ना?"

फिलोमिना म्हणाली, "मढला येऊन कोणाला घर नंबरने हाक मारून बघ. दार नाही उघडत रे, कुत्रा सोडतात."

मिलिंद दोन मिनिटं मान खाली घालून फाइलमध्ये टायपत राहिला आणि गाडी चालू! मला हायसं वाटलं. कसं चालू झालं, हे मी विचारलं नाही. चालू झालेल्या मशिनीला कोण विचारतो?

*

मधेच एकदा सर्व्हरची वायर सफाईवाल्याच्या झाडूने निघाली. सर्व्हर बंद. आता मशिनीने सांगायला हवं ना, की बाबा, सर्व्हर सापडत नाही? पण किती वेळ थांबायचं ती ओळ आम्ही कोरी सोडलेली. कोरी म्हणजे, उत्तर येईपर्यंत थांब. मशिनी थांबल्या! एरर नाही, आवाज नाही, पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरतंय.

कुंदा सिस्टर कमरेवर हात ठेवून मशिनीसमोर उभ्या. मी धापा टाकत पोचलो. म्हटलं, "सिस्टर, काय म्हणतेय मशीन?"

"काही म्हणत नाही. आमच्या मिस्टरांसारखीच आहे. हो नाही, ना नाही, आपलं बघत बसायचं."

मी मिलिंदला सांगितलं, थोडा वेळ ठरवून दे, तेवढ्यात उत्तर नाही आलं तर सरळ नाही म्हणू दे. सिस्टर म्हणाल्या, "ही सेटिंग घरी पण बसवून मिळेल का?"

*

शनिवारी सगळं चालू, एक मशीन सोडून. बिलिंग काउंटरच्या देशपांडेबाईंची. मिलिंदने फाइल बदलली, मशीन बंद करून चालू केली, पुन्हा फाइल बदलली. मशीन आपली जुन्या, केव्हाच काढून टाकलेल्या सर्व्हरला शोधतेय. दुपार गेली. मी दर थोड्या वेळाने फोन करायचो, तो दर वेळी म्हणायचा, "भाऊ, झालंच."

शेवटी फिलोमिनाने शोधून काढलं. एक फाइल असते अख्ख्या मशिनीसाठी आणि एक ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये, स्वतःपुरती. आधीच्या वेंडरने बाईंच्या फोल्डरमध्ये जुनी फाइल सोडलेली. दोन्हीत वेगळं लिहिलं असेल तर स्वतःची चालते, अख्ख्या मशिनीची नाही.

मिलिंद कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणजे बाहेर कितीही बोंबललो तरी उपयोग शून्य?"

देशपांडेबाई पर्स काखेला लावत म्हणाल्या, "अरे, घरात सासूबाईंचं राज्य. माझ्या खोलीत माझंच चालतं!"

*

आता रविवारचं ऐका.

दुपारी जेवण झालं, सगळ्या मशिनी उघडतायत, सिस्टर खूश. मी आठवड्यात पहिल्यांदा टेकलो. तेवढ्यात फिलोमिना आली. तिच्या सवयीप्रमाणे ती पुन्हा कुलूप ओढून बघत होती. म्हणाली, "भाऊ, सगळ्या फाइलींत एक ओळ आहे. सर्व्हरचं ओळखपत्र तपासू नको. कोणी का असेना, तो हो म्हणाला तर हो."

मिलिंदचा चेहरा उतरला. "टेस्टिंगपुरती टाकली होती. सर्व्हर बोलत नव्हता त्या दिवशी. मग काढायची राहिली."

मी म्हटलं, "आता काढ ना!"

"काढली तर प्रत्येक मशिनीत हॉस्पिटलचं सर्टिफिकेट बसवावं लागेल, भाऊ. उद्या दुपार तरी होईल."

उद्या सकाळी ओपीडी. संध्याकाळी मॅडम. मी घड्याळाकडे बघितलं, मग या दोघांकडे बघितलं. म्हटलं, "आज दाखवून टाकू. उद्यापासून गुपचूप एकेक मशीन दुरुस्त करू. कोणाला कळणार आहे?"

फिलोमिना मिलिंदकडे बघत राहिली. मिलिंद म्हणाला, "भाऊ, तुम्ही चहा घेऊन या."

मी चहा घेऊन आलो तर फिलोमिना गायब. मॅडम जिन्यात. काय करणार? हसत पुढे झालो. "या मॅडम, सगळं तयार आहे."

मॅडम रिसेप्शनच्या मशिनीसमोर बसल्या, नाव टाकलं. पासवर्ड टाकणार तोच मिलिंद मधे बोलला.

"मॅडम, खरा टाकू नका. मनाला येईल ते टाका."

"म्हणजे?"

"काहीही. शिवी टाकली तरी चालेल."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मिलिंदकडे. मॅडमनी कीबोर्डवर उगाच बोटं बडवली, एंटर मारलं. स्क्रीन उघडली! मॅडमचं नाव, मॅडमच्या अधिकारासकट.

कुंदा सिस्टर म्हणाल्या, "अगोबाई!"

मॅडम हळूच म्हणाल्या, "हे कसं झालं?"

मिलिंदने कॉरिडॉरच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे बाकड्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, फिलोमिना बसलेली. "मॅडम, फिलोमिनाच्या लॅपटॉपने सर्व्हरचं नाव घेतलंय, आणि ओळखपत्र तपासायचं नाही अशी मशिनीत सेटिंग आहे. तुमच्या मशिनीला वाटलं आपण सर्व्हरला विचारतोय. तिने विचारलं फिलोमिनाला. फिलोमिना हो म्हणाली."

माझे पाय जिन्याकडे वळायला लागलेले.

"आणि ही सेटिंग कोणी केली?" मॅडमनी विचारलं.

"मी," मिलिंद म्हणाला.

"दुकानाने," फिलोमिना तिथूनच ओरडली.

मॅडमनी माझ्याकडे मान वळवली. मी नुसती मान डोलावली.

मॅडम उठल्या. खुर्ची नीट आत सरकवली. "सिस्टर, उद्याची ओपीडी कागदावर."

मग मला म्हणाल्या, "उद्या हे दोघंही मला इथे दिसले पाहिजेत. दोघंही. आणि तुम्ही मला फोन करून सांगत राहायचं, किती मशिनी झाल्या आणि किती राहिल्या. 'झालंच' म्हणायचं नाही. राहिलेली मशीन झालेल्यात धरायची नाही. एवढं करा, हिशेब खरा ठेवा, मग वर्षभराच्या कामाचं बोलू."