पिशवी नेमकी कशासाठी हवी?

किस्से जमायला माणसं एका गावची किंवा एका आळीची असावी लागतात, असं म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. एक बाकडं आणि समोर एक बंद खिडकी एवढं पुरतं. खिडकी वेळेवर उघडली असती तर आम्ही आपापली कामं उरकून घरी गेलो असतो आणि आज माझ्याकडं सांगायला काहीच उरलं नसतं. त्याबद्दल मी आमच्या विमा कचेरीचा मनापासून आभारी आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं. मी सोलापुरात एका गिरणीत टाइमकीपर होतो. माझ्या आतड्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी तेवढा भाग कापला आणि पोटावर डाव्या बाजूला एक छोटं तोंड करून दिलं. आता संडास तिथूनच, जन्मभर. त्यावर रबराची पिशवी लावायची आणि पट्ट्यानं कमरेला बांधायची. पिशवी परदेशी, मिळायची फक्त मुंबईत. विम्यासाठी दर महिन्याला आमचा पगार कापला जायचा, त्यामुळं पिशवी विम्यातून मिळेल, असं सगळ्यांनी सांगितलं. सगळ्यांचं बरोबर होतं. कधी मिळेल, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

बाकड्यावर मला दोघं भेटले. एक नरसय्या, आमच्याच गिरणीतला विणकर. घरी तेलुगू बोलायचा, त्यामुळं मराठीत कोण पुरुष आणि कोण बाई हे तो ऐन वेळी ठरवायचा. त्याचं दुखणं माझ्यासारखंच, कायमचं. दुसरी शेवंताबाई, मूळची वळसंगची, नवरा गेल्यावर सूत गुंडाळायच्या खात्यात लागलेली. विषमज्वरात तिचं आतडं फुटलं होतं. तिच्या पोटावरचं तोंड तात्पुरतं होतं. वर्षभरानं डॉक्टर ते शिवून टाकणार होते.

दर सोमवारी आम्ही तिघं हजर. हेडक्लार्क साहेब हजर असतीलच असं नव्हतं.

*

माझ्या पहिल्या अर्जाला दीड महिन्यानं उत्तर आलं. "अर्जदाराने पिशवी नेमकी कशासाठी हवी, याचा खुलासा करावा. बाजारहाटाच्या पिशव्या योजनेत बसत नाहीत."

मी खिडकीवर गेलो. मागं वीसेक माणसं रांगेत.

"साहेब, ही पोटावर लावायची पिशवी आहे."

"पोटावर कशाला? खांद्याला अडकवता येत नाही?"

मी आवाज खाली आणून सगळं समजावलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, कागदावर एक शब्द लिहिला आणि बरोबर लिहिलाय ना याची खात्री करायला मोठ्यानं वाचला, "संडासाकरिता."

शेजारी स्टुलावर बसलेल्या शिपायाला माझी दया आली. तो म्हणाला, "मग तुम्ही चुकून हिकडं आलाय. संडासाचं काम नगरपालिकेकडं असतं."

*

डॉक्टरांनी पथ्याची यादी दिली होती. कांदा नको, डाळी नकोत, शेंगदाणे तर बिलकूल नकोत, पोटात वारा धरतो. नरसय्यानं यादी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"शेंगाचा चटणी पण नको?"

"नको."

"कडक भाकरी?"

"तीही नको."

तो म्हणाला, "डाक्टर पेशंटला वाचवला, सोलापूर मारला."

*

पिशवीची वाट बघत असताना माझ्या मेहुण्यानं कुणाकुणाचे हातपाय जोडून मुंबईहून एक आणून दिली. एकच. सकाळी धुवायची, वाळवायची, पुन्हा लावायची. वाळेपर्यंत मी पोटावर जुनं धोतर गुंडाळून बसायचो. बायको ती पिशवी परसातल्या दोरीवर, माझ्या बनियनच्या आड वाळत घालायची.

शेजारच्या काकूंच्या नजरेतून काही सुटत नसे. एक दिवस त्या दारात आल्या. "अहो वहिनी, आमच्या ह्यांची कंबर धरलीय. तुमची ती गरम पाण्याची पिशवी एक दिवस द्या की."

बायको म्हणाली, "काकू, ती फुटलीय हो."

"मग रोज धुवून वाळत कशाला घालता?"

बायको म्हणाली, "ती यांना एकट्यालाच लागू पडते."

काकू पुढं महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. एवढ्या तेवढ्या वस्तूसाठी माणसं किती आखडतात, असं त्यांनी आळीभर सांगितलं.

*

आठ महिन्यांनी कचेरीत खोकं आलं. आम्ही तिघांनी सह्या केल्या, म्हणजे शेवंताबाईनं अंगठा दिला. पिशव्या निघाल्या, पण त्यांचं भोक एवढं लहान की माझंच तोंड त्यात बसेना, नरसय्याचं तर लांबच.

"अर्जात माप लिहिलेलं नव्हतं," हेडक्लार्क म्हणाले.

"अर्जात मापाचा रकानाच नाही, साहेब."

"तेच म्हणतोय मी. म्हणून तर लिहिलं नव्हतं."

लहान भोकाची पिशवी लावली की कडेनं गळते आणि जे गळतं ते कातडी खातं. आमची पोटं भाजल्यासारखी लाल झाली होती. त्यात सोलापूरचा एप्रिल, गळू नये म्हणून कडेनं लावलेली चिकटपट्टी घामानं तासभर टिकायची नाही. विम्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर चांगल्या होत्या. त्यांनी जस्ताचं मलम लिहून दिलं. औषधाच्या खिडकीवर मलम संपलं होतं, म्हणून तिथल्या माणसानं खोकल्याचं औषध दिलं. ते भरपूर होतं.

नरसय्याला मात्र गिरणीतली एक गोष्ट आठवली. ताण्याच्या सुताला कडक करायला खळ लावतात. त्यानं वाटीभर खळ आणली, पोटावर पिशवीभोवती थापली आणि उन्हात बसला. पिशवी अशी बसली की काही विचारू नका. पण वाळल्यावर नरसय्याला वाकता येईना. दोन दिवस तो छाती काढून, ताठ मानेनं फिरला. जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, त्याला बोलावून विचारलं, "का रे, युनियनचा पुढारी झालास का?"

*

हे हसण्यावारी गेलं. शेवंताबाईचं गेलं नाही.

तिची पिशवी कामावर असताना गळायची. खात्यातल्या बायका तिच्या शेजारचं मशीन घेईनात. मग तिनं खाणं कमी केलं. सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी ताक. पोटात गेलंच नाही तर बाहेर येणार नाही, असा तिचा हिशेब. दोन महिन्यांत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सिस्टरनी वजन केलं आणि त्या म्हणाल्या, "अशी राहिलीस तर टाके घालायला डॉक्टरांना पोट सापडायचं नाही."

त्या सोमवारी नरसय्यानं एक पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं. सायकलच्या दुकानात बसून त्यानं ट्यूब कापून, चिकटवून पिशवी करून घेतली होती. पट्टा नवारीचा होता. माप त्यानं कसं काढलं म्हणाल, तर सिस्टरला विचारून.

शेवंताबाईनं पुडकं उघडून बघितलं, पुन्हा गुंडाळलं आणि पदराखाली घेतलं. "गळती का वं?"

"टांकीत बुडवून बघितला," नरसय्या म्हणाला. "पंक्चर नाय."

दुसऱ्या दिवसापासून ती पोटभर जेवायला लागली.

*

वर्षभरानं डॉक्टरांनी तिचं तोंड शिवलं. बाई ठणठणीत झाली. प्रामाणिक इतकी की बरी झाल्या झाल्या डॉक्टरांचा कागद घेऊन खिडकीवर गेली. "सायेब, माजी पिशवी बंद करा. आता न्हाय लागत."

हेडक्लार्कनी कागद परत केला. "पिशवी सुरू करायचा फॉर्म आहे. बंद करायचा फॉर्म मुंबईहून यायचाय."

आणि त्याच महिन्यापासून तिच्या नावावर पिशव्या यायला लागल्या. वेळेवर, दर महिन्याला दोन, आणि मोठ्या मापाच्या. आमचे अर्ज मापाच्या दुरुस्तीसाठी अजून मुंबईतच होते. शेवंताबाई अंगठा द्यायची, बाहेर यायची आणि बाकड्यावर एक मला, एक नरसय्याला द्यायची. वर्षभर आम्ही दोघं तिच्या पिशव्यांवर जगलो.

मग तपासणी आली. वरच्या कचेरीतून एक तरुण साहेब आले, चष्म्याचे, नवे कोरे. आम्हाला तिघांनाही आत बोलावलं. माझे आणि नरसय्याचे डॉक्टरांचे दाखले ताजे होते, ते त्यांनी बाजूला ठेवले. तिसरी फाईल उघडली आणि ते थांबले.

"बाई, तुमचा ताजा दाखला नाही. पिशव्या तर नियमित जातायत. पोटावरचं तोंड अजून आहे का?"

नरसय्यानं माझा दंड धरला. खोटं उघडं पडलं तर तिची नोकरी जाणार होती आणि आम्ही दोघं पुन्हा धोतरावर येणार होतो.

"हाय की," शेवंताबाई म्हणाली.

"मग मला प्रत्यक्ष पाहावं लागेल. तसा नियम आहे."

"बघा की." तिनं जेवणाचा डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला, पदर खांद्यावर टाकला आणि कमरेच्या गाठीला हात घातला.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, थांबा. इथं नको. सिस्टरना बोलवा."

"सिस्टर रजेवर हाईत." तिचा हात थांबला नाही. "तुमाला बघायचंय न्हवं? बघा. मला लाज न्हाय वाटत. ह्या खिडकीवर समद्यांम्होरं सांगून सांगून ती कवाच गेली. आमी किती पत्रं धाडली, एका तरी मानसानं हितं यून बघितलं का कुनाचं पोट? तुमी पयलं आलाय. आता बघितल्याबिगर जायचं न्हाय."

साहेबांनी भिंतीकडं तोंड केलं. तिथं कॅलेंडर होतं, त्याच्याकडं बघत त्यांनी हात मागं करून फाईल ओढली, भिंतीला टेकवली, दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि न वळताच हेडक्लार्कच्या हातात दिली.

हेडक्लार्कनी मोठ्यानं वाचलं, "प्रत्यक्ष पाहिले. तोंड आहे, व उत्तम चालते."