दाजींची बिनआवाजी मोटार

आवाजाशी आमच्या दाजींइतकं उघड वैर कृष्णेच्या दोन्ही काठांवर दुसऱ्या कुणी धरलं नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. लष्कराच्या वर्कशॉपमधली नोकरी पुरी करून त्यांनी सांगलीत लेथ टाकला होता. कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या तांब्याला हात लावण्याआधी ते खिशातून तेलाची कुपी काढत आणि न विचारता दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत. पापड आमटीत भिजवून खात. रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की त्यांचा घास हातातच थांबे. "तिसरा गिअर चाललाय. आटपाडीपातुर जाईल, म्होरं न्हाई," असं म्हणून त्या अनोळखी ड्रायव्हरच्या काळजीत ते हात सुकेपर्यंत बसून राहत.

त्यांची स्वतःची मोटार मात्र साऱ्या भागात सगळ्यात मोठ्याने ओरडणारी होती. एका म्हाताऱ्या वकिलांकडून घेतलेली ही मोटार माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठी. तिच्या गिअरच्या चक्रांचे दाते जुन्या पद्धतीने सरळ कापलेले, त्यामुळे ती चालू लागली की जात्यात खडे भरडल्यासारखं वाटे. लग्नानंतरच्या वर्षी अक्का तीतून साताऱ्याला माहेरी येत होती. कऱ्हाड सोडल्यावर तिने लाजत लाजत दाजींना सांगितलं, की घरात पाळणा हलणार आहे. दाजींनी मान डोलावली. "व्हय, साताऱ्यात गेल्यावर ऑइल बदलू," ते म्हणाले.

अक्का साताऱ्यात उतरली ती पुन्हा त्या मोटारीत बसली नाही. "माणसाचं ऐकू येईल तवा बसंन," एवढंच म्हणाली. माझी भाची चौथीत गेली तरी अक्का माहेरी एस.टी.नेच येई, आणि मागोमाग दाजी रिकामी मोटार घेऊन.

ती सगळी वर्षं दाजींनी तिरक्या दात्यांच्या चक्रांवर घालवली. लग्नपत्रिकांच्या पाठीवर आकृत्या काढल्या. दात्यांना तिरकेपणा किती द्यायचा हे ठरवण्यासाठी ते साबणाच्या वड्या कोरत, आणि अक्का त्याच दातेरी वड्यांनी धुणं धुई. पहिली जोडी पुरेशी मुकी निघाली, पण तिरकेपणा जास्त झाल्याने दांडा बाजूला रेटला जाऊन कवठे महांकाळजवळ बेअरिंग जळालं. दाजी शांतपणे नवी पत्रिका शोधू लागले. मी पुस्तकातला माणूस; एकदा न राहवून म्हणालो, "दाजी, दुसरी गाडीच का घेत नाही?"

"तिचं बोलणं ह्या गाडीत बुडालंय," ते म्हणाले. "दुसरीत कसं घावंल?"

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी मोटार दारात आणली, आणि ती आल्याचं घरात कुणाला कळलंच नाही. अक्काने बाहेर येऊन मोटारीभोवती एक फेरी मारली आणि पुढे बसली. मी तेव्हा त्यांच्याकडेच आलो होतो, मी मागे. रस्ताभर तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या, पण ती एक अक्षरही बोलली नाही. कऱ्हाड आलं तेव्हा दाजींची कॉलर घामाने भिजली होती.

"काय तरी बोल की."

"आवं, माझं सांगून कवाच झालंय," अक्का म्हणाली. "आता तुमी सांगा."

दाजी गडबडले. त्यांना येत होतं तेच त्यांनी सांगितलं. साताऱ्यापर्यंत ते चक्रांबद्दल, दात्यांबद्दल, तेलाबद्दल बोलत राहिले. मला झोप लागली. जाग येई तेव्हा अक्काचा हुंकार ऐकू येई.

दाजींना जाऊन आता दीड महिना झाला. परवा सांगलीला गेलो तेव्हा तिला विचारलं, "त्या दिवशी ते काय सांगत होते, त्यातलं तुला काही कळलं होतं का गं?"

"समदं," ती म्हणाली. तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत तिरकी अडकवली आणि सावकाश फिरवून दाखवली. "सरळ दात एकदम सुटतो, दुसरा एकदम आदळतो. म्हणून आवाज. तिरक्यात तसं न्हाई. पयला सुटायच्या आधी दुसऱ्यानं धरल्यालं असतं."

मग तिचे हात तसेच मांडीवर राहिले. बोटं तिने सोडवली नाहीत.