सायकल स्टँडवरचा लांडगा

माणसाच्या आत एक पशू दडलेला असतो आणि पौर्णिमेच्या चांदण्यात तो बाहेर येतो, असं सिनेमावाले फार गांभीर्यानं सांगत आले आहेत. चिंचवडच्या आमच्या कामगार वसाहतीत तो एका शनिवारी संध्याकाळी, वेल्फेअर खात्याच्या खर्चानं आला.

मैदानात दोन बांबूंना पडदा बांधला होता. वेल्फेअर ऑफिसरांनी आधी ‘मनोरंजनातून प्रबोधन’ या विषयावर भाषण केलं, मग इंग्रजी सिनेमा सुरू झाला. एका भल्या माणसाला लांडगा चावतो, त्याच्या हातावर केस उगवतात आणि चांदीच्या गोळीशिवाय सुटका होत नाही. भाषा कुणाला कळली नाही. नियम सगळ्यांना कळला: चावला की संपलं. जागा न मिळालेले लोक पडद्यामागे बसले होते, त्यांना सगळं उलटं दिसलं. त्यामुळे चावा डाव्या हाताला की उजव्या, यावर कारखान्याच्या शॉपमध्ये वाद चालू राहिला.

तो मिटायच्या आत माझ्या थोरल्या भावाला कुत्रा चावला. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर दादा स्टँडमधून सायकल काढायला वाकला आणि कोपऱ्यातल्या पोत्यांवरून एक पिवळट कुत्रा उसळला. त्यानं दादाची पोटरी धरली.

पिंपरीतल्या डॉक्टरांनी पोटात इंजेक्शनं सुरू केली आणि बजावलं, “कुत्र्याला मारू नका. बांधून लक्ष ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिला, तर तुम्हाला भीती नाही, इंजेक्शनंही थांबवू.” त्या लशीनं कधीकधी माणसाचे पायही जातात, हे त्यांनी दादा बाहेर गेल्यावर मला सांगितलं. लस लागू पडली नाही तर काय, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

म्हणजे दादाचा जीव कुत्र्याच्या जिवाला बांधलेला होता. सिनेमात नेमकं उलट होतं. पुढे पुण्यात आणि नंतर व्हिडिओवर मी असे बरेच सिनेमे पाहिले. केस जास्त खरे दिसू लागले, पण पशूला जगवा म्हणणारा एकही निघाला नाही.

कुत्र्याला क्वार्टरमागच्या लाकडांच्या खोपटात बांधलं. संध्याकाळी काठ्या घेऊन घोळका आला, पुढे वेल्फेअर ऑफिसर.

“वसाहतीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे,” ते म्हणाले.

“आवो, पिसाळल्यालं हाय त्ये,” गावठाणातले फौंड्रीवाले बाबा म्हणाले. “आज न्हाई मारलं तर उद्या आमच्या पोरास्नी धरंल.”

“आणि दादाला केस फुटले म्हणजे?” मागून कुणीतरी ओरडलं. “चांदी आणा रे!”

हशा झाला, पण काठ्या खाली आल्या नाहीत.

वहिनी खोपटाच्या दारात उभ्या राहिल्या. “मारायचा तर दहा दिवसांनी मारा. तोवर त्याला कुणी हात लावला, तर मी चावेन.”

कुणी हसलं नाही. चावण्याबद्दल त्या आठवड्यात वसाहतीला फार आदर होता.

सुरुवातीला कुत्रा व्यवस्थित खात होता. मग त्यानं दूध सोडलं. पाण्याकडे बघेना. अंधाऱ्या कोपऱ्यात माती उकरायचा, धापा टाकायचा, जवळ गेलं की दात दाखवायचा. दादा लांब स्टुलावर बसून त्याच्याकडे बघे आणि मी दादाकडे. मध्येच तो तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन दाखवी.

“गेलं बघ खाली,” म्हणे.

एका संध्याकाळी कुत्रा थरथरायला लागला. तोंडातून लाळ गळत होती.

“हा गेला, तर तुझ्या वहिनीला गावी सोडून ये,” दादा म्हणाला. “आणि माझ्या खोलीला बाहेरून कडी घाल.”

सकाळी खोपटातून आवाज येत नव्हता. दादा उंबरठ्यावरच थांबला. मी पुढे होईना. शेवटी वहिनींनी फळी बाजूला केली.

कुत्रा जिवंत होता. त्याला पाच पिल्लं झाली होती.