कुंभारवाड्याची पोर पहाऱ्यावर

कुंभारवाड्याहून समुद्र शिकायला निघालेली मी पहिलीच, त्यामुळे गावानं सल्ले भरपूर दिले. समुद्र पाहिलेला त्यांत एकटा मामा, तोही कारवारच्या बसच्या खिडकीतून. "पाणी लई हाय," एवढं तो खात्रीनं सांगे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मात्र आधीच बजावलं होतं, "न्हाई जमलं तर परत ये. मग पुढचं बघू." पुढचं म्हणजे रामनगरचं स्थळ. मुलगा किराणा दुकानासकट तयार होता.

जहाज शिडाचं. आम्ही कॉलेजची मुलं त्यावर समुद्रविज्ञान आणि जहाज चालवणं दोन्ही शिकणार होतो. सकाळी दोर ओढायचे, दुपारी पाण्यातले बारीक जीव गाळून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि मधल्या वेळात ओकायचं. आमच्या सरांनी देवमाशांवर जाडजूड लिहिलं होतं; जिवंत देवमासा तेवढा पाहायचा राहिला होता. कॅमेरा गळ्यात घालूनच ते जेवत. "दिसला की आधी मला हाक मारा," हे ते आमटी वाढून घेतानाही सांगत.

कॅप्टनचा नियम साधा होता. पहाऱ्यावर उभं राहील त्यानं दिसेल ते ओरडून सांगायचं, काय आहे आणि कुठल्या अंगाला. ज्याला जमणार नाही त्यानं पुढच्या बंदरात उतरायचं. मी उतरले असते तर थेट किराणा दुकानातच पोचले असते.

एका सकाळी मी जहाजाच्या टोकाशी उभी होते आणि उजव्या अंगाला पाणी फुगलं. काळीभोर पाठ वर आली. बैल फुरफुरावा तसा श्वास ऐकू आला. मी चटकन खाली बसले, एक हात तोंडावर ठेवला आणि दुसऱ्यानं मागच्या मुलाला गप्प राहण्याची खूण केली. आमच्या रानात मोठं जनावर दिसलं की असंच करतात. ओरडायचं नाही आणि त्याचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही. घेतलं की ते आपल्याकडं वळतं. मागच्या मुलाला वाटलं मला उमासा आला. त्यानं धावत जाऊन बादली आणली.

सर पोचले तेव्हा पाण्यावर नुसता फेस होता.

"तू पाहिलास?"

"व्हय, सर."

"मग ओरडली का नाहीस?"

"जनावर होतं न्हवं, सर."

त्यांनी कपाळाला हात लावला. पुढं जेवणाची घंटा होईपर्यंत त्यांनी माझी अक्कल, माझा तालुका आणि प्रवेश देणारी समिती यांवर व्याख्यान दिलं. त्यांची कीव आली आणि हसूही आलं. पण कॅप्टननं बोलावलं तेव्हा हसू पळालं.

"देवमासा गेला त्याचं मला काही नाही," तो म्हणाला. "उद्या समोर माणसं आली आणि तू अशीच बसलीस तर?"

मी सामान बांधायला वळले तसं त्यानं थांबवलं.

"पहाटे पुन्हा उभी राहा. एकदाच."

पहाटे धुकं होतं. त्यात समोरच काहीतरी काळं हललं. लहानशी होडी, दोघे वाकून जाळं ओढत होते, आमच्याकडं पाठ करून. सवयीनं हात तोंडाकडं गेला. कसाबसा शब्द काढला, "होडी! समोर!"

"ऐकू येत नाही!" मागून कॅप्टन गरजला. "मोठ्यानं!"

मी ओरडले.

"आणखी मोठ्यानं!"

मग मी बेंबीच्या देठापासून बोंबलले. त्यानं चाक फिरवलं, शिडं फडफडली आणि होडी इतक्या जवळून गेली की एकाच्या दंडावर चिकटलेले माशाचे खवले दिसले. दोघांनी कोंकणीतून माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. शब्दन् शब्द कळला. सर नुसत्या टॉवेलवरच, कॅमेरा घेऊन धावत आले, "कुठाय? कुठाय?"

मी दोराला धरून रडत बसले. भीतीनं तर खरंच, पण तेवढ्यानंच नाही. घरी, शाळेत, जत्रेत, सगळीकडं मला हळू बोल म्हणून सांगितलेलं. मोठ्यानं ओरड म्हणून सांगणारा हा पहिला माणूस भेटला होता. त्यानं माझ्याकडं न बघताच सांगितलं, "उद्याचा पहाराही तुझाच."

बंदरात पोचल्यावर अण्णांना फोन लावला. रामनगरला नको म्हणून कळवा, असं सांगितलं.

"आगं, हळू बोल की," अण्णा म्हणाले. "सगळं गाव ऐकतंय."

"ऐकू दे," मी म्हटलं आणि तेच पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.