सरांनी असा शब्द दिलाच नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तिच्या शेवटच्या दुखण्यातही नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट माहीत नाही. थकले आहे, एवढंच.

नाना, म्हणजे माझे वडील, इथं इंदूरच्या एका कापड मिलमध्ये क्लार्क होते. मिल आधी अर्धी चालली, मग एकाच पाळीत, मग फाटकाला कुलूप. हिशेबाचे पैसे कोर्टात अडकले. नाना तरी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत जायचे, तिथं बसलेल्या लोकांत बसायचे आणि जेवायला परत यायचे.  मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, राज्यशास्त्र घेऊन. धाकटा भाऊ संजू बारावीला. त्याला पॉलिटेक्निकला जायचं होतं. गल्लीतले बंद पडलेले पंखे, रेडिओ घरी आणून उघडून बसायचा.

मला भोपाळला जायचं होतं. होस्टेलवर राहून एम.ए. करायचं. विषयाची ओढ होती का? होती — थोडी. पण त्याहून जास्त मला त्या घरातून निघायचं होतं. नानांचा तो इस्त्रीचा शर्ट मला बघवत नव्हता.

आम्हाला राज्यशास्त्र शिकवणारे सर हिंदी भाषिक, शांत गृहस्थ होते. त्यांना विचारायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देखो बेटा, कॉलेजों में भर्ती बंद पड़ी है. घर का पैसा हो तो जरूर करो. उधार लेके मत करना."

याहून स्पष्ट कुणी काय सांगणार?

संध्याकाळी नानांनी विचारलं, "काय म्हणाले सर? एम.ए. झाल्यावर नोकरी लागेल ना? सराफाकडून व्याजानं पैसे घ्यावे लागतील, म्हणून विचारतोय."

मी म्हटलं, "सर म्हणाले, एम.ए. करून ये, कॉलेजात लावून द्यायची जबाबदारी माझी."

किती सहज बाहेर पडलं ते. नानांचा चेहरा उजळला — मिल बंद पडल्यापासून पहिल्यांदाच. तेव्हा शब्द मागे घेता आला नसता का? आला असता. मी घेतला नाही.

कर्ज निघालं. दोघांचं शिक्षण जमणार नव्हतं. संजूच म्हणाला, "ताईला शिकू दे. ती लागली की मग माझं बघू." आणि तो सांवेर रोडवर, प्लॅस्टिकच्या पाइपांच्या कारखान्यात लागला. त्याचा पगार व्याजात जायचा. मी तिकडे होस्टेलवर संविधानातल्या समतेवर टिपणं काढत होते.

परत आले, तर नोकरी कुठली? एका खाजगी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला लागले. पगार संजूपेक्षा कमी. कर्ज तसंच. नाना विचारायचे, "सरांना भेटलीस?" मी म्हणायची, "भेटले. थांब म्हणतात." एका खोट्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं — आणि भेटायला तर मी एकदाही गेले नव्हते.

शेवटी एका रविवारी नाना स्वतःच निघाले. मला म्हणाले, "चल." मी रस्ताभर सांगायचं ठरवत होते. रस्ता संपला.

सरांनी दार उघडलं आणि नाना उंबऱ्यातूनच बोलायला लागले. "आपकी जबान पे कर्जा लिया हमने. लड़के की पढ़ाई छुड़वाई. गरीब से झूठ बोलते शरम नहीं आई आपको?" सरांच्या मागे त्यांची बायको येऊन उभी राहिली. शेजारचं दार उघडलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मी खाली त्यांच्या दारातल्या चपलांकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी नानांपुढे हात जोडले. म्हणाले, "मुझसे गलती हो गई, भाईसाहब. माफ कीजिए."

मी तोंड उघडलं नाही.

परत येताना नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी काही चूक नाही, बेटा," म्हणाले. नाना हेच मनात धरून गेले. कर्ज संजूनं फेडलं. पॉलिटेक्निकचं वय तोवर निघून गेलं होतं. तो आजही त्याच कारखान्यात आहे. घरात कधी विषय निघाला की म्हणतो, "त्या मास्तरनं बुडवलं आपल्याला." आणि मी — मी मान हलवते. हो, म्हणते.

काही वर्षांपूर्वी मी आणि संजू इथल्या लालबागच्या जत्रेत गेलो होतो. गर्दीत सर दिसले. खूप म्हातारे, हातात काठी. त्यांनी मला ओळखलं, दोन पावलं पुढे आले. "कैसी हो बेटा?"

माझ्या कॉलेजच्या फोटोत संजूनं त्यांना पाहिलं होतं. तो मोठ्यानं म्हणाला, "चल ताई. या माणसाशी बोलायचं नाही."

सर तिथंच थांबले. मी संजूच्या मागे चालू लागले.

आता ते असतील की नाही, माहीत नाही. मी चौकशी केलेली नाही.