सोप्यातला घाणा
वडील सोमवारी गेले. आज त्यांच्या पेटीतल्या कापराच्या वासाने गोवा घटकराज्य झाला त्या वर्षातली पेडण्याची मामलेदार कचेरी आठवली. एका तेलिणीला जमिनीचा मालक असलेला भाटकार घरातून बाहेर काढू पाहत होता. तिथे पूर्वी घर नव्हतंच, असं त्याचं म्हणणं. मोडी जाणणारे म्हणून वडिलांना बोलावलेलं. कापूर घालून जपलेल्या शंभर वर्षांमागच्या करवहीवरून त्यांचं बोट सावकाश फिरत होतं. घरपट्टीत तिच्या सासरचं नाव सापडेना. “मास्तर, सोंपलें गा सगळें?” तिने विचारलं. वडील पानं उलटून तेलघाण्यांवरच्या करपट्टीकडे वळले. तिच्या आजेसासऱ्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘घाणा एक, सोप्यात.’ वडील हसले. “सोपो काय माडार टांगिल्लो गो? सोपो आसलो म्हणजे घर आसलें!” मामलेदारांनाही ते पटलं. त्या घरात आता तिची नातवंडं राहतात. मोडी वाचणारं गावात कोणी उरलेलं नाही.