शर्ट काढून बसलेले गावंडे सर

गावंडे सर आज पहाटे गेले.

ज्या माणसाला मी दोनदा वॉर्डातून हाकललं होतं, त्याच्यासाठी सकाळपासून रडून राहिली. नवरा विचारतो, कोण होते गं हे? काय सांगू याला!

सर डॉक्टर होते, पण सुई टोचणारे नाही. समाजशास्त्राचे. अमरावतीला राजापेठेत राहायचे. दवाखान्यात एखादी नवीन पद्धत येते ती कशी रुजते, आणि बरेचदा कावून रुजत नाही, हा त्यांचा विषय.

त्यासाठी ते अकोल्याला आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात आले, दाराजवळच्या स्टुलावर बसले, आणि दहा महिने उठलेच नाहीत.

मी तेव्हा वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. मला वाटलं, झालं, चौकशी लागली.

"सर, तुमी नेमकं काय करता?"

"पाहतो."

"काय पाहता?"

"तुमी काय करता ते."

"मंग मी काय करू?"

"रोज करता तेच."

इथंच गोची झाली. सर बसले की आम्ही रोजचं सोडून बाकी सगळं करायचो. मावशी फरशी दोनदा पुसायची. मी हात इतके धुतले की कातडी निघाली. सर चहाला बाहेर पडले की अख्खा वॉर्ड श्वास सोडायचा.

पेशंटच्या घरचे त्यांना मोठे डॉक्टर समजायचे. एका आजोबांनी सदरा वर करून पोट दाखवलं. सरांनी ते मन लावून पाहिलं आणि म्हणाले, "बावाजी, हे डॉक्टरले दाखवा."

तेव्हा कांगारू पद्धत नवीन आली होती. कमी वजनाचं बाळ उघड्या छातीशी धरून ठेवायचं, वरून शाल. आईच्या अंगाच्या उबेनं बाळ तगतं. ट्रेनिंग झालं, पोस्टर लागलं, मागं रेलून बसायच्या चार मस्त खुर्च्या आल्या.

खुर्च्या मी स्टोअरमध्ये ठेवल्या. प्लास्टिक न काढता. कुलूप लावून.

"सिस्टर, खुर्च्या कावून बंद?"

"खराब होतील नं, सर."

"कशानं?"

"बसल्यानं."

सर हसले नाहीत, वहीत लिहून घेतलं. तेव्हा पहिल्यांदा हाकललं. दुसऱ्या दिवशी सर परत स्टुलावर.

दुसऱ्यांदा हाकललं ते, "आई आजारी असली तं बाप चालते का?" असं विचारलं म्हणून. म्हटलं, बाळंतिणींच्या वॉर्डात उघडा बाप? सर, डोकं ठिकाणावर आहे का?

मग डिसेंबरात एका सकाळी हिवरखेडचे रशीदभाई आले. टेलर. बायकोचं बीपी वाढलं, दिवस भरायच्या आधीच सिझर, ती आयसीयूत. पोरगी दीड किलोची. श्वास चांगला होता, पण अंग गार पडत चाललं होतं.

वॉर्मर दोनच. दोन्हीत हिच्याहून नाजूक बाळं.

बाळांचे डॉक्टर म्हणाले, "बापाच्या छातीशी धरा. आत्ता."

मी स्टोअरकडे पळाले. कुलूप उघडलं, पण खुर्चीचं प्लास्टिक निघता निघेना. शेवटी दातांनी फाडलं. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

रशीदभाई मात्र दारातच.

"सिस्टर, औरतों का वार्ड है. मी कुर्ता कसा काढू? मेरे से नहीं होता."

"पोट्टी गार पडून राहिली अन् तुमाले लाज सुचते?" मी ओरडले. त्यानं तो माणूस आणखीच आक्रसला. मान खाली, हात कुर्त्याच्या गुंड्यांवर, आणि गुंडी काही निघत नाही.

तेव्हा गावंडे सर उठले.

दहा महिन्यांत त्यांनी कशाला हात लावला नव्हता. कोणाचं पडलेलं पेनसुद्धा उचलून दिलं नव्हतं. "मी मधात पडलो की अभ्यास बिघडते," म्हणायचे.

सरांनी वही स्टुलावर ठेवली. शर्ट काढला. बनियन काढलं.

साठीला आलेला माणूस, पोट सुटलेलं, छातीवर पांढरे केस. त्या थंडीत जाऊन दुसऱ्या खुर्चीत बसले.

"या, रशीदभाई. आता उघडे दोघं होऊ. पहिले मलेच हासतील."

बाळंतिणी हसल्याच! टाके दुखतात म्हणून पोट धरून धरून हसल्या. तेल्हाऱ्याची एक सासूबाई म्हणाली, "मायबाई! या बुढ्याले कोन्तं लेकरू झालं?"

त्या हशातच रशीदभाईनं कुर्ता काढला.

मी पोरगी त्यांच्या छातीशी ठेवली. टोपी, मोजे, वरून शाल. पडदा ओढला.

तासाभरानं पोरीच्या पावलांना हात लावला. ऊब येत होती. वॉर्डात सिस्टरनं रडायचं नसतं. मी रडले.

"सर, घाला आता शर्ट."

"त्याले एकट्याले कसं सोडू?"

चार दिवस सर सकाळच्या गाडीनं अमरावतीहून यायचे, शर्ट काढायचे, बसायचे. सर्दीनं नाक गळत होतं. तिसऱ्या दिवशी त्या सासूबाईनं स्वतःच्या पोराला ढकलत आणलं. तिचाही नातू कमी वजनाचा. "बस मुकाट्यानं! बुढा बसते तं तुले काय झालं?"

वर्षभरानं सरांनी छापलेला अहवाल आणून दिला. मी आधी माझं नाव शोधलं. नव्हतं. कुलूप होतं, प्लास्टिक होतं, नाव नव्हतं. मग रशीदभाई शोधले.

"सर, आपली पोट्टी कुठी आहे यात?"

"ते चार दिवस काढून टाकले, सिस्टर. मी मधात पडलो नं. ते धरता येत नाही."

"अहो, सगळ्यात चांगलं तेच झालं होतं!"

"हाव," सर म्हणाले. "पण धरता येत नाही."

आज सकाळी रशीदभाईचा फोन आला. पोरगी आता चौथीत आहे. तिला घेऊन ते अमरावतीला निघाले होते.

"सिस्टर, एक पूछना था. मी सरांना खांदा दिला तर त्यांच्या घरचे चालवून घेतील नं?"



"तुमीच द्या," म्हटलं. "म्हना, सिस्टरनं सांगितलं."

सर, तुम्ही अभ्यासातून काढून टाकलेली पोरगी तुमच्या दारी येऊन राहिली आहे. तिला भेटून मगच निघा.

तुमच्या वॉर्डाचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.